टांगाईलची उडी आणि मावळचे आकाश

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणारी लोकल देहूरोड मागे टाकून बेगडेवाडीला क्षणभर थांबते आणि घोरावाडीच्या दिशेने निघून जाते. स्थानक लहान, त्याचे नावही तालुक्याबाहेर फारसे कोणाला ठाऊक नसलेले. परंतु या स्थानकाच्या शेजारचा मुलूख सामान्य नव्हे. देहूरोडची छावणी, लष्कराची कोठारे, दारूगोळ्याचे डेपो, ऑर्डनन्स फॅक्टरी, त्यांभोवतीची तारेची कुंपणे आणि त्यांवरचे प्रवेश निषिद्ध असल्याचे फलक यांच्या सान्निध्यात येथील दोन-तीन पिढ्या वाढल्या. लष्कर या भागातील माणसाला परके नाही. तरीही त्याची लष्कराशी असलेली ओळख फाटकापाशी थांबणारी आहे. जो इतिहास महाराष्ट्रातल्या अशाच लहान गावांतून गेलेल्या माणसांनी घडविला, तो त्याला दिल्लीतील संचलनात, दूरचित्रवाणीच्या पडद्यावर आणि तोही अर्ध्या मिनिटात पाहावा लागतो.

हे अर्धे मिनिट म्हणजे केवळ अलंकार नव्हे. २६ जानेवारी २०२२ रोजी राजपथावरून झालेल्या हवाई संचलनात एक जुने डाकोटा विमान आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन डॉर्निअर अशी तीन विमाने बाणाच्या आकारात उडत गेली. या रचनेला ‘टांगाईल’ असे नाव देण्यात आले होते. समालोचकाने दोन वाक्ये सांगितली, विमाने दिसेनाशी झाली आणि पुढचा ताफा आला. महाराष्ट्रातील किती घरांत त्या वेळी कोणी म्हणाले असेल, की ‘ही तर आपली गोष्ट’? फार थोड्या घरांत, असेच म्हणावे लागेल. आणि तो दोष घरांचा नव्हे.

टांगाईल हे आज बांगलादेशात असलेले, ढाक्याच्या वायव्येस वसलेले गाव. ११ डिसेंबर १९७१ रोजी, दिवस कलताना, त्याच्या परिसरावर भारतीय हवाई दलाची सुमारे पन्नास विमाने आली. त्यांत अजस्र ए. एन. १२ होती, पोटाची पेटी वाटावी अशी पॅकेट होती, कॅरिबू होती आणि दुसऱ्या महायुद्धापासून झिजत आलेली डाकोटाही होती. या विमानांतून जी पलटण खाली उतरली ती पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण, अर्थात २ पॅरा. लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू तिचे नायक होते. तिच्याबरोबर तोफखान्याचे, इंजिनिअरांचे आणि वैद्यकीय पथकाचे जवान होते. जमालपूर आणि मैमनसिंगकडून ढाक्याच्या रक्षणासाठी मागे सरणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट अडविणे आणि त्यासाठी पुंगलीचा पूल ताब्यात घेणे, हे तिचे काम होते.

उडी कागदावर आखल्याप्रमाणे कधीच पडत नाही. टांगाईललाही माणसे बऱ्याच मोठ्या टापूत विखुरली गेली आणि काही सामान तळ्यांत व शेतांत जाऊन पडले. तेथे कादर सिद्दिकी यांच्या मुक्तिवाहिनीचा जोर होता. आसपासच्या खेड्यांतील माणसे धावत आली, त्यांनी बोजे खांद्यावर घेतले आणि वाटा दाखविल्या. त्याच रात्री पूल हाती आला. माघार घेणाऱ्या शत्रूने पुलावर पुन्हा पुन्हा हल्ले चढविले आणि ते परतविले गेले. दुसऱ्या दिवशी उत्तरेकडून भूमार्गाने येणारी भारतीय सेना या पलटणीला येऊन मिळाली, आणि त्या सेनेच्या अग्रभागी होती मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण. पुढे चारच दिवसांनी, १६ डिसेंबरला, ढाक्यात प्रथम पाऊल टाकणाऱ्या भारतीय तुकड्यांत २ पॅराचे जवान होते.

पुलावरील ही भेट म्हणजे एका अर्थी भावंडांचीच भेट होती. कारण २ पॅरा ही मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण. दुसऱ्या महायुद्धानंतर तिला छत्रीधारी पलटणीचे स्वरूप देण्यात आले आणि १९५२ साली पॅराशूट रेजिमेंटची नव्याने घडण झाली तेव्हा ती ‘२ पॅरा (मराठा)’ या नावाने तीत दाखल झाली. १० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर नदीच्या खोऱ्यात आपले सारे सोबती पडल्यावर एकट्याने मशिनगनच्या ठाण्यावर चाल करून जाणारे, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणारे माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे याच तिसऱ्या पलटणीचे. १९४७-४८ मध्ये नौशेरा आणि झांगरच्या लढायांत ब्रिगेडियर उस्मान यांच्या हाताखाली जी ५० पॅराशूट ब्रिगेड लढली, तीतही हीच पलटण होती. माणगावहून टायबर, टायबरहून झांगर, झांगरहून टांगाईल अशी ही अखंड परंपरा आहे. पण शाळेच्या पुस्तकात ती तुकड्यातुकड्यांनी येते, आणि बहुधा येतही नाही.

या उडीविषयी एक गोष्ट मोठी मौजेची आणि तितकीच विचार करावयास लावणारी आहे. संरक्षण खात्याचे तेव्हाचे जनसंपर्क अधिकारी राममोहन राव यांनी वृत्तपत्रांना जे छायाचित्र दिले, ते टांगाईलचे नव्हतेच. संपूर्ण पॅराशूट ब्रिगेडच्या आधीच्या एका सरावाचे ते चित्र होते. आकाश छत्र्यांनी भरून गेलेले पाहून जगाचा समज झाला, की भारताने एक सबंध ब्रिगेड ढाक्याच्या उंबरठ्यावर उतरविली. आणि ढाक्यातील पाकिस्तानी सेनापतींच्या मनावर त्या समजाचा व्हायचा तो परिणाम झाला. युद्धात दृश्याला शस्त्राइतकेच मोल असते, याचा याहून चांगला दाखला शोधून सापडणार नाही. पण त्याच दृश्याने एक अन्यायही केला. लोकांच्या स्मरणात राहिले ते छत्र्यांचे आकाश. त्या छत्र्यांखाली लोंबकळणाऱ्या माणसांची नावे मात्र राहिली नाहीत. आज स्मरणार्थ जुनी विमाने उडविण्याचा आणि छत्रीउड्यांचा जो प्रघात जगभर पडत आहे, त्याच्याविषयी बोलताना हे विसरून चालणार नाही.

भारतीय हवाई दलाकडे आज जे उडते डाकोटा आहे, त्याची कथाही सांगण्याजोगी आहे. आयर्लंडमध्ये मोडीत निघालेले हे विमान राजीव चंद्रशेखर यांनी विकत घेतले, इंग्लंडमध्ये त्याची दुरुस्ती करून घेतली आणि आपले वडील, डाकोटाचे जुने वैमानिक एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर यांच्या सन्मानार्थ ते हवाई दलास भेट देऊ केले. ही भेट आधी नाकारण्यात आली होती. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना ती स्वीकारण्याचे ठरले आणि ४ मे २०१८ रोजी दिल्लीजवळच्या हिंडन येथे ‘परशुराम’ या नावाने ते दलात दाखल झाले. त्याच्या शेपटीवर व्ही. पी. ९०५ हा क्रमांक रंगविण्यात आला. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख रेजिमेंटचे जवान घेऊन श्रीनगरच्या धावपट्टीवर प्रथम उतरलेल्या डाकोटाचा हा क्रमांक. २०२१ च्या प्रजासत्ताकदिनी, १९७१ च्या विजयाला पन्नास वर्षे होत असताना, हे विमान दोन हेलिकॉप्टरांच्या सोबतीने राजपथावरून उडाले. पुढील वर्षी ते ‘टांगाईल’ या नावाने उडाले.

जुन्या विमानाच्या आवाजात काय असते, असे विचारणाऱ्यांनी तो एकदा ऐकावा. डाकोटाच्या प्रत्येक पंखावर चौदा सिलिंडरांचे एक वर्तुळाकार इंजिन असते. त्याचा घोष जेट विमानाच्या किंकाळीसारखा नसतो, तो जाड, संथ आणि दूरवरून येणारा असतो. ज्याने विशीत त्या आवाजात तासभर बसून, दाराकडे पाहत, छताच्या तारेला अडकविलेली आपल्या छत्रीची दोरी चाचपली आहे, त्याच्या कानाला तो पन्नास वर्षांनंतरही ओळखू येईल. त्या दोरीनेच छत्री उघडते. उडी घेणाऱ्याच्या हाती त्या क्षणी काहीच नसते. टांगाईलच्या त्या जवानाचे वय आज पंचाहत्तरीच्या आसपास किंवा तिच्या पलीकडे आहे. भाषणाने, शालीने आणि श्रीफळाने जे जागे होत नाही, ते त्याच्या मनात हा आवाज जागे करील. या प्रथेचे जे काही समर्थन आहे, ते येथे आहे.

पाश्चात्त्य देशांनी हे लवकर ओळखले. ब्रिटनमध्ये १९५७ पासून महायुद्धातील विमानांची एक स्वतंत्र स्मारक तुकडीच हवाई दलात आहे. २०१९ च्या जूनमध्ये नॉर्मंडीच्या आक्रमणास पंचाहत्तर वर्षे झाली, तेव्हा अनेक देशांतील डाकोटा इंग्लिश खाडी ओलांडून गेली आणि सत्त्याण्णव वर्षांचे अमेरिकन टॉम राइस, पंचाण्णव वर्षांचे ब्रिटिश हॅरी रीड यांनी एका तरुण सहकाऱ्याशी जोडून घेऊन, ज्या भूमीवर १९४४ साली ते अंधारात उतरले होते त्याच भूमीवर दिवसाउजेडी पुन्हा उडी घेतली. रीड २०२१ मध्ये वारले, राइस २०२२ मध्ये. समारंभ आणखी पाच वर्षे पुढे ढकलला असता, तर त्यांच्या नावाने उड्या पडल्या असत्या. त्यांच्या उड्या पडल्या नसत्या.

या प्रथेवर आक्षेप आहेत आणि ते पोकळ नाहीत. पहिला धोक्याचा. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील डल्लास येथे महायुद्धकालीन दोन विमाने प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत एकमेकांवर आदळली आणि सहा जण मृत्युमुखी पडले. मे २०२४ मध्ये ब्रिटनच्या त्याच स्मारक तुकडीतील एक स्पिटफायर कोसळून वैमानिक गेला. ऐंशी वर्षांच्या यंत्राला स्मृतीचे ओझे देताना त्याची हाडे तपासून घ्यावी लागतात. मृतांच्या स्मरणासाठी जिवंत माणूस गमावावा, इतके कोणतेही स्मरण निकडीचे नाही. म्हणून असे विमान थोडे उडावे, गर्दीवरून उडू नये, आणि हवा बिघडली तर कार्यक्रमपत्रिकेतील मंत्रिमहोदयांचे नाव न पाहता ते जमिनीवरच ठेवावे.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा. माजी सैनिकाचे निवृत्तिवेतन, त्याचे औषधपाणी, त्याच्या विधवेचे कागदपत्र यांच्या रांगा लागलेल्या असताना आकाशात विमाने फिरविण्याची ही चैन कशासाठी? हा प्रश्न बेगडेवाडीच्या फलाटावर उभ्या असलेल्या एखाद्या वृद्ध हवालदाराने विचारला, तर त्याला ‘राष्ट्रीय अस्मिता’ हे उत्तर देता येणार नाही. त्याच लोकलने उलट दिशेला काही स्थानके गेले की खडकी लागते. तेथे १९१७ साली जखमी सैनिकांना कसब शिकविण्यासाठी निघालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे. तेथेच १९७४ साली सुरू झालेले, पाठीच्या कण्याला इजा होऊन कमरेखालचे शरीर गमावलेल्या जवानांचे पुनर्वसन केंद्र आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झालेले आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक मिळविणारे मुरलीकांत पेटकर पुण्याचेच. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१८ साली, म्हणजे पदकानंतर शेहेचाळीस वर्षांनी. दफ्तरी स्मरणशक्ती किती मंद असते, याचे वेगळे प्रमाण देण्याची आवश्यकता नाही.

तथापि विमान की औषध, असा पेच मांडणे हे प्रश्नाचे सुलभीकरण होय. विमान न उडविल्याने वाचलेले पेट्रोल खडकीच्या रुग्णाच्या खाटेपर्यंत पोचत नाही. ते कोठेच पोचत नाही. उलट लोकांच्या मनातून जो सैनिक पुसला गेला, त्याच्या औषधाची फाईलही हळूहळू तळाशी जाते, हा अनुभव आहे. खरा दोष निराळा आहे. जे काही केले जाते, ते राजधानीत केले जाते. ज्याच्यासाठी केले जाते, तो तेथे नसतो.

महाराष्ट्राची स्वतःची रीत अशी नव्हती. घाटावर आणि कोकणात, देवळाच्या आवारात किंवा वेशीबाहेर, शेंदूर फासलेले किंवा निम्मे मातीत गेलेले वीरगळ उभे आहेत. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला वर घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा. राजाच्या राजधानीत नव्हे, तर माणसाच्या गावात हा दगड उभा राहिला. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनीही गावोगाव संगमरवरी पाट्या बसविल्या. या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके परत आले नाहीत, एवढाच त्यांवरचा मजकूर. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गाव ‘मिलिटरी’ हे बिरूद आपल्या नावापुढे अजूनही मिरवते, ते त्याच स्मृतीच्या बळावर. परक्या सरकारलाही जे सुचले, ते स्वकीयांना १९७१ च्या बाबतीत सुचू नये, हे आश्चर्य आहे. याच तालुक्यात, वडगावला, १७७९ च्या मराठ्यांच्या विजयाचे स्मरण लोक करतात. मावळा हा शब्द तर मोटारींच्या काचांवर येऊन बसला आहे. पण काचेवरच्या मावळ्याला चेहरा नसतो.

अपवाद म्हणून एका उपक्रमाचा उल्लेख केला पाहिजे. १६ डिसेंबर २०२० रोजी दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकापासून निघालेल्या विजयमशाली देशभर फिरल्या, आणि परमवीरचक्र व महावीरचक्र मिळविणाऱ्या वीरांच्या गावी जाऊन तेथील माती दिल्लीला आणावी, अशी योजना होती. कल्पना उत्तम. परंतु मानचिन्हाची ही चाळणी फार बारीक आहे. टांगाईलला पन्नू यांना महावीरचक्र मिळाले. त्यांच्यामागून दारातून बाहेर पडलेल्या शेकडो जवानांच्या गावी कोणती मशाल जाणार?

तेव्हा मागणी एवढीच आहे, की वर्षातून एक दिवस, ११ डिसेंबरला, दिल्लीने आपले डाकोटा महाराष्ट्राला द्यावे. पुण्याजवळ लोहगावचा हवाई तळ आहे. तेथून उडालेले विमान रेल्वेमार्ग उजव्या-डाव्या हाताला ठेवून बेगडेवाडी-तळेगावच्या बाजूला येण्यास आठ-दहा मिनिटांहून अधिक वेळ लागू नये. दारूगोळ्याच्या कोठारांवरून विमान नेता येणार नाही आणि त्यांच्या आसपास कोणी छत्री घेऊन उतरावे हे तर सर्वथा अशक्य. त्यामुळे मार्ग वाकडा होईल आणि उडीची जागा अन्यत्र, लष्कराला सुरक्षित वाटेल अशा मोकळ्या मैदानावर शोधावी लागेल. लोणावळ्यापर्यंतच्या डोंगरांकडे, द्रुतगती मार्गाकडे आणि विजेच्या तारांकडे पाहता अशी जागा सहज मिळणारी नाही, हेही कबूल करावयास हवे. पण जी संस्था पन्नास विमाने एका संध्याकाळी परक्या मुलखावर नेऊ शकली, तिला ही अडचण अवघड वाटण्याचे कारण नाही.

उडी घेणारे जवान २ पॅराचेच असावेत. आज ती विशेष दलाची पलटण आहे. तिच्या कामाचे स्वरूप गुप्ततेचे असले, तरी वर्षातून एकदा आठ-दहा जणांना आपल्या पूर्वसूरींसमोर उतरू देण्यात कोणते रहस्य फुटणार आहे? नागरिकांनाही या कलेचे वावडे नाही. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २००४ साली उत्तर ध्रुवावर छत्रीउडी घेतली आणि २०१८ मध्ये नऊवारी लुगडे नेसून विमानातून झेप घेतली, तेव्हा महाराष्ट्राने कौतुक केलेच होते. मात्र टांगाईलच्या वृद्ध जवानांना कोणी भरीस घालून विमानातून खाली सोडू नये. पाश्चात्त्यांचे अनुकरण तेवढ्यापुरते पुरे. ज्याला हवे असेल आणि ज्याला डॉक्टर परवानगी देतील, त्याला विमानात एक जागा द्यावी. नियम आडवे येत असतील तर नियम पाहावेत. इतरांना मैदानात पहिल्या रांगेत बसवावे, आमदार-खासदारांच्या पुढे.

आणि विमान येण्याआधी नावे वाचली जावीत. हा भाग सर्वांत स्वस्त आहे आणि म्हणूनच तो राहून जाईल, अशी भीती वाटते. २ पॅराच्या जवानांची दफ्तरे आता बेळगावच्या मराठा केंद्रात नव्हेत, तर बंगलोरच्या पॅराशूट केंद्रात सापडतील. निवृत्तांचे पत्ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांतून मिळू शकतील. ही दोन टोके जोडून १९७१ च्या डिसेंबरात त्या विमानांत बसलेल्या, आज महाराष्ट्रात हयात असलेल्या माणसांची गाववार यादी तयार करणे, हे एखाद्या कारकुनाचे काही महिन्यांचे काम आहे. गेलेल्यांच्या विधवांची नावेही तीत यावीत. पुण्यात घोरपडीजवळचे युद्धस्मारक नागरिकांच्या वर्गणीतून १९९८ साली उभे राहिले. तेव्हा या यादीच्या छपाईसाठी पैसा जमणार नाही, असे मानण्याचे कारण नाही. छापलेली यादी त्या त्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली, तर पुढच्या वर्षी विमान आले नाही तरी ती तेथे राहील.

टांगाईलवर छत्र्या उघडल्या त्या दिवस कलतानाच्या उन्हात. मावळात डिसेंबरच्या त्या वेळी पावसाळी ढग नसतात, पवनेच्या खोऱ्यातील धुके पहाटेच विरलेले असते आणि ऊनही म्हाताऱ्या माणसाला उघड्यावर तासभर बसता येईल इतपत सौम्य असते.